कॅराव्हॅन माळावर नको, गावाच्या कडेला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅराव्हॅन म्हणा, कॅम्परव्हॅन म्हणा की मोटरहोम, झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घेऊन महाराष्ट्र फिरणारी कुटुंबे आता जागोजागी दिसतात. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यानंतर भाड्याने मिळणाऱ्या गाड्याही वाढल्या. यातल्या बहुतेक गाड्या कोकण किनारा आणि महाबळेश्वर एवढ्याच वाटा तुडवतात. पुणे-सोलापूर महामार्गाच्या दोन्ही अंगांना पसरलेला पर्जन्यछायेतला माळ ताशी नव्वदच्या वेगाने मागे पडतो. हा माळ पाहण्यासारखा आहे आणि कॅराव्हॅन घेऊन पाहण्याजोगा आहे. मात्र गाडी नेमकी कुठे उभी करायची हे न कळल्यामुळे तिथे जे नुकसान होते ते टाळता येते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पाच-सहा दिवस हाताशी असतील तर जेजुरी-मोरगाव रस्त्याने सुप्याला यावे. तिथले मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५.१४ चौरस किलोमीटरचे आहे, पण चिंकारा इतका निवांत चरताना फार थोड्या ठिकाणी दिसतो. पुढे बारामती तालुक्यातले शिर्सुफळ आणि इंदापूर तालुक्यातली कडबनवाडी. इथे वनविभागाने गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे आणि स्थानिक मार्गदर्शक मिळतात. मग भिगवणजवळ उजनी धरणाचा फुगवटा, तिथून राशीनमार्गे कर्जतजवळचे रेहेकुरी. हे काळविटांचे अभयारण्य २.१७ चौरस किलोमीटरचे, म्हणजे एखाद्या गावाच्या शिवारापेक्षाही लहान. वेळ उरला तर सोलापूरच्या अलीकडचे नान्नज. तिथे माळढोक दिसेल या आशेने मात्र जाऊ नये. तो पक्षी आता जवळपास संपला आहे. नान्नजला जायचे ते माळासाठी, खोकडांसाठी आणि चंडोलांसाठी.

या भागात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुरमाड, उथळ जमिनीवर कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवते वाढतात आणि नोव्हेंबरात वाळून सोनेरी होतात. या गवताच्या जोरावर काळवीट, चिंकारा, लांडगा, खोकड, तरस, धाविक, पखुर्डी, रातवे हे जमिनीवर राहणारे पक्षी आणि हिवाळी पाहुणे म्हणून येणारे भोवते हे शिकारी पक्षी जगतात. सरकारी कागदावर अशी जमीन बहुधा ‘पडीक’ असते. गाडीतून पाहणाऱ्यालाही ती पडीकच वाटते, आणि सगळी गडबड तिथेच होते. जंगलात कोणी झाडावर गाडी घालत नाही. माळावर मात्र ‘एवढी मोकळी जागा आहे’ म्हणून रस्ता सोडून दोनशे मीटर आत गाडी नेली जाते, छत्री उघडली जाते, खुर्च्या मांडल्या जातात.

त्या मोकळ्या जागेत काय असते ते पाहायला गुडघे टेकून बसावे लागते. माळटिटवी घरटे बांधत नाही. मुरमात तळहाताएवढा खळगा करून ती चार अंडी घालते, निमुळती टोके आत वळवलेली, रंग आजूबाजूच्या खड्यांसारखाच. चार पावलांवरूनही ती दिसत नाहीत. मार्च ते जून या रणरणत्या महिन्यांत ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि अंडी थंड ठेवते. जवळ गाडी उभी राहिली की ती उठते, लांब जाऊन ओरडत राहते, आणि उघड्या उन्हात अंडी शिजायला फार वेळ लागत नाही. चाकाखाली अंडी फुटली नाहीत म्हणून नुकसान झाले नाही असे समजू नये. धाविकाचेही असेच. काळविटाची मादी पाडसाला गवतात लपवून चरायला जाते. ते पाडस हरवलेले नसते, त्याला उचलू नये.

हिवाळ्यातली तशीच गोष्ट भोवत्यांची. सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास हे पक्षी चारी दिशांनी गवतावरून अगदी खालून तरंगत येतात, एकाच पट्ट्यावर घिरट्या घालतात आणि अंधार पडता पडता एकेक करून गवतात उतरतात. ते झाडावर झोपत नाहीत, जमिनीवर झोपतात. प्रत्येकाची गवत दाबून केलेली ताटलीएवढी जागा असते. नेमक्या त्याच वेळी मुक्कामाला जागा शोधणारी गाडी हेडलाइट लावून त्या पट्ट्यात शिरली तर सगळा थवा उठतो आणि अंधारात दुसरी जागा शोधत फिरतो.

म्हणून पहिला नियम: गाडी रात्री माळावर ठेवायची नाही. अभयारण्याच्या हद्दीत परवान्याशिवाय मुक्काम करणे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे गुन्हाच आहे, आणि हद्दीबाहेरची जमीनही बेवारस नसते. ती वनखात्याची असते, गायरान असते, नाहीतर कोणाची तरी मालकीची असते. मुक्काम गावाच्या कडेला करावा: ग्रामपंचायतीच्या आवारात, देवस्थानाच्या भक्तनिवासापाशी, शेतकऱ्याच्या खळ्यावर किंवा महामार्गावरच्या ढाब्यामागे. आधी सरपंचांना नाहीतर ग्रामसेवकांना विचारावे, किती गाड्या, किती माणसे आणि किती दिवस ते सांगावे, आणि जागेचे पैसे आपण होऊन द्यावेत. उजेड असेपर्यंत पोहोचावे. अंधारात आलेल्या अनोळखी गाडीभोवती गाव गोळा होणे स्वाभाविक आहे.

गावात मुक्काम केल्याने काही हुकत नाही. माळ पाहायची खरी वेळ सूर्योदयानंतरचा दीड तास. साडेनऊनंतर जमीन तापते, हवा थरथरू लागते आणि दूरच्या प्राण्याचा फोटो कितीही महागड्या लेन्सने घेतला तरी पाण्यातून घेतल्यासारखा येतो. पुण्याहून पहाटे निघणारा माणूस या वेळेला धापा टाकत पोहोचतो. कॅराव्हॅनवाला चार किलोमीटरवर झोपलेला असतो, हाच या गाडीचा मोठा फायदा. सकाळी मार्गदर्शकाला सोबत घ्यावे, गाडी आखलेल्या वाटेवरच ठेवावी, इंजिन बंद करून आत बसावे. काळवीट आणि चिंकारा उभ्या गाडीला पुष्कळ सहन करतात. माणसाची उभी आकृती दिसली की पळतात. सरकत्या दाराचा खडखडाट तर अर्धा किलोमीटर ऐकू जातो, म्हणून ते दार तिथे उघडूच नये, खिडकीतून पाहावे.

आता गाडीविषयी. इथे अडचणी ठरलेल्या आहेत.

पहिली अडचण काळ्या मातीची. माळावरचा मुरूम टणक असतो, पण दोन टेकाडांमधल्या सखल पट्टीत काळी माती साठलेली असते. वरून ती वाळून भेगाळलेली दिसते, खाली वितीवर ओल असते. साडेतीन टनांची गाडी तिच्यात शिरली की मागची चाके जागेवर फिरतात आणि दोन मिनिटांत गाडी बुडाला टेकते. शिरण्याआधी उतरून बोटाएवढी जाड सळई हाताच्या जोराने रोवून पाहावी. ती वीतभर सहज गेली तर मागे फिरावे. अडकलेच तर अॅक्सिलरेटर दाबत राहू नये. चाकापुढची माती खोऱ्याने उतरती करावी, टायरची हवा नेहमीच्या ५५-६० पीएसआयवरून ३५-४० वर आणावी, चाकाखाली फळी किंवा गोणपाट सरकवावे आणि दुसऱ्या गियरमध्ये हळू क्लच सोडावा. डांबरी रस्त्याला लागताच हवा पुन्हा भरावी, त्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप सोबत हवाच. जॅक चार टनांचा असावा आणि त्याखाली ठेवायला फूटभर लांब-रुंद जाड फळी असावी. नाहीतर गाडी उचलली जाण्याऐवजी जॅकच जमिनीत जातो.

दुसरी अडचण काट्यांची. बाभूळ आणि वेडी बाभूळ वाटेच्या कडेला दाट असतात. काटा टायरच्या तळव्यात घुसला तर ट्यूबलेसला पट्टी मारून काम भागते. बगलेत घुसला तर पट्टी धरत नाही, स्टेपनीच लावावी लागते. म्हणून समोरून ट्रॅक्टर आला की कडेच्या झुडपात गाडी घालू नये, मागे घेऊन रुंद जागी थांबावे. मागे जोडचाके असतील तर रोज संध्याकाळी दोन टायरच्या मधे दगड अडकला आहे का ते पाहावे. तो दोन्ही टायरच्या बगला आतून कापतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

तिसऱ्या अडचणीकडे फार थोडे लोक लक्ष देतात आणि तीच सर्वांत धोक्याची आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी आपोआप जास्त इंधन सोडून काजळी जाळते, आणि त्या वेळी धुराच्या नळीतून जाणारा वायू ६०० अंश सेल्सियसच्या आसपास तापतो. माळावर दोन दिवस पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये रेंगाळत फिरल्यावर हा फिल्टर हमखास भरतो. मग गाडी गुडघाभर वाळलेल्या कुसळीवर उभी असते, नळी गवताला टेकलेली असते, आणि जाळण्याची क्रिया सुरू होते. इंजिनचा आवाज थोडा चढणे, गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात फिरत राहणे, करपल्यासारखा वास येणे ही त्याची लक्षणे. यावर उपाय सोपा आहे. माळाकडे वळण्याआधी महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे एका वेगाने गाडी चालवून घ्यावी, सुरू झालेली क्रिया मधेच इंजिन बंद करून तोडू नये, आणि गाडी नेहमी उघड्या मुरमावर उभी करावी. रोज एकदा खाली वाकून नळी आणि शाफ्टभोवती अडकलेले गवताचे पुंजके काढावेत. दोन लिटरचे अग्निशामक नळकांडे दाराजवळ असावे, पलंगाखाली नव्हे. माळाला लागलेला वणवा वाऱ्यावर पळतो, गाडीतल्या पाण्याने तो विझत नाही.

उंचीचा मुद्दा थोडक्यात. छतावरचा एसी, सोलर पॅनेल, छत्री धरून गाडीची खरी उंची मोजून ती चालकासमोर चिकटवून ठेवावी. खेड्यांतल्या रस्त्यावरून आडव्या गेलेल्या केबल आणि रेल्वेखालचे भुयारी मार्ग नकाशावर दिसत नाहीत.

विजेचा हिशेब निघतानाच मांडावा. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी म्हणजे साधारण २,५०० वॅट-तास. ६० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज दिवसाला सुमारे ५०० घेतो, दिवे, पाण्याचा पंप, पंखा, मोबाइल मिळून ४०० धरा. म्हणजे दोन रात्री आरामात निघतात, आणि छतावर ३०० वॅटचे पॅनेल असेल तर हिवाळ्याच्या स्वच्छ उन्हात रोजचा खर्च रोज भरून निघतो. त्याच बॅटरीवर एक टनाचा एसी लावला तर दोन तासांत ती बसते, मग जनरेटर सुरू होतो आणि त्याची घरघर रात्रभर शिवारात घुमते. एसी लागणारच नाही अशा दिवसांत यावे, हे बरे. डिसेंबर ते फेब्रुवारी इथल्या रात्री चांगल्याच गार असतात. उन्हाळ्यात कॅराव्हॅन घेऊन या भागात येण्यात ना आपले सुख, ना अंड्यांवर बसलेल्या पक्ष्यांचे.

पाण्याबद्दल थोडे जास्त लिहितो, कारण चुका इथेच होतात. दोघांना भांडी आणि जेमतेम अंघोळ धरून दिवसाला २५-३० लिटर लागतात, म्हणजे शंभर लिटरची टाकी तीन दिवस पुरते. पिण्याचे पाणी वेगळ्या वीस लिटरच्या जारमध्ये ठेवावे. कॅराव्हॅनवाले जिथे येतात तिथे उन्हाळ्यात टँकर येतो, हे विसरू नये. गावच्या नळाला पाइप लावण्याआधी विचारावे. मोरीचे आणि भांड्यांचे पाणी सांडपाण्याच्या वेगळ्या टाकीत साठते. अनेक गाड्यांत त्याची तोटी सरळ खाली उघडते आणि ती चालता चालता सोडून दिली जाते. साबण आणि खरकट्याचे ते पाणी नाल्यात गेले की माळावरचा तो एकुलता पाणवठा नासतो. बेसिनखाली बारीक गाळणी लावावी, गाळ कचऱ्यात टाकावा आणि पाणी शोषखड्ड्यात किंवा शौचालयात रिकामे करावे. कोणत्याही पाणवठ्यापासून निदान साठ मीटर लांब.

संडासाची कॅसेट, म्हणजे मैला साठवणारी काढता येणारी टाकी, साधारण वीस लिटरची असते आणि दोघांना दोन-तीन दिवस पुरते. ती फक्त सेप्टिक टँक असलेल्या शौचालयात रिकामी करावी, तीही परवानगी घेऊन आणि मागून दोन बादल्या पाणी ओतून. कॅसेटमध्ये घालायचे निळे द्रव बहुतेक वेळा जंतुनाशक असते. ते गावच्या लहान सेप्टिक टँकमध्ये गेले की मैला कुजवणारे जिवाणूच मारते आणि टाकी तुंबते. जिवाणूंवर किंवा एन्झाइमवर आधारलेले द्रव वापरावे. खड्डा खणून कॅसेट पुरण्याची पद्धत माळावर चालत नाही. मुरूम वीतभरावर कातळाला लागतो, आणि रात्री तरस किंवा कुत्री ते उकरतात.

कुत्र्यांचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहितो. गाडीच्या मुक्कामापाशी टाकलेली कोंबडीची हाडे आणि उरलेला भात हे माळावरच्या वन्यजीवांवरचे मोठे संकट आहे. खरकट्यावर मोकाट कुत्री जमतात, टोळी करतात, चिंकाऱ्याची पाडसे फाडतात, आणि डिस्टेंपरसारखे रोग लांडग्या-खोकडांपर्यंत पोहोचवतात. खरकटे घट्ट झाकणाच्या डब्यात भरून शहरात परत न्यावे. घरचे कुत्रे सोबत आणू नये, आणलेच तर लस पूर्ण झालेली असावी आणि ते गाडीतून सुटू नये.

उजनीला वेगळे भान लागते. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी. पाऊस चांगला झाला की फुगवटा हिवाळ्यातही काठोकाठ असतो, आणि मग रोहित पक्षी उशिरा येतात, कारण त्यांना घोट्याएवढ्या पाण्यातला गाळ चाळायचा असतो. पाणी ओसरून गाळ उघडा पडेपर्यंत, बहुतेकदा फेब्रुवारी-मार्चपर्यंत, वाट पाहावी लागते. निघण्याआधी कुंभारगाव किंवा डिकसळच्या नावाड्यांना पाणी कुठवर आहे ते विचारावे, त्यांच्याइतके अचूक कोणी सांगत नाही. ओसरलेल्या पाण्याच्या जागी गाळपेर, म्हणजे गाळात केलेली पेरणी, असते. तिथे गाडी उतरवू नये. तो गाळ काळ्या मातीहून फसवा आहे, शिवाय कोणाचे तरी पीक त्यात उभे असते. होडीतून पाहताना थव्याकडे लक्ष ठेवावे. चरणाऱ्या रोहितांनी एकदम माना वर केल्या आणि सगळे एकाच दिशेला चालू लागले, म्हणजे होडी जास्त जवळ आली. तेव्हाच मागे घ्यायला सांगावे, उडाल्यावर सांगून उपयोग नाही. कुरव पक्ष्यांना शेव-फरसाण उधळून फोटो काढण्याची प्रथा तर बंदच व्हायला हवी. मीठ आणि तेल हे त्यांचे अन्न नव्हे. नावाड्याने फरसाणाची पुडी पुढे केली तरी नको म्हणावे, आणि भाडे मात्र पूर्ण द्यावे.

रात्री या रस्त्यांवर गाडी चालवू नये. दिवसभर तापलेल्या डांबरावर रातवे येऊन बसतात, प्रकाशात डोळे लाल चमकतात आणि ते शेवटच्या क्षणी उडतात, बऱ्याचदा काचेवरच. मुक्कामावर बाहेरचा पांढरा दिवा बंद ठेवावा, पिवळसर मंद दिवा खाली जमिनीकडे वळवून लावावा.

लांडग्याची पिल्ले याच हिवाळ्यात नाल्यांच्या काठच्या बिळांत असतात. बीळ दिसले तर थांबू नये आणि कोणाला दाखवू नये. एकदा माणसांची वर्दळ झाली की मादी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्या धावपळीत पिल्ले गमावते. फोटो टाकताना मोबाइलमधली ठिकाणाची नोंद बंद करावी, फार तर तालुक्याचे नाव लिहावे. धनगरांच्या मेंढ्यांचा कळप बसलेला असेल तर गाडी लांबून न्यावी, हॉर्न वाजवू नये. लांडगा कुठे फिरतो हे त्यांना ठाऊक असते. त्यांनी ते सांगितले तर तो त्यांचा विश्वास समजावा.

शेवटी मागणी. कॅराव्हॅनचे धोरण आहे, पण या पट्ट्यात गाडी कायदेशीर उभी करायला आणि टाकी रिकामी करायला सोयीची जागा मिळत नाही, म्हणून लोक माळावर शिरतात. सुपे, शिर्सुफळ, भिगवण, कर्जत आणि नान्नज या पाच गावांच्या कडेला प्रत्येकी सहा गाड्यांचा थांबा पर्यटन विभाग आणि ग्रामपंचायतींनी मिळून करावा. प्रत्येक गाडीला आठ मीटर लांब, चार मीटर रुंद, दबाई केलेल्या मुरमाची जागा. एक पाण्याचा नळ, त्याला मीटर. सेप्टिक टँक आणि त्यात कॅसेट ओतण्यासाठी झाकणाचे रुंद तोंड, शेजारी धुण्याचे पाणी. सांडपाण्यासाठी शोषखड्डा. १५ अँपिअरचे दोन सॉकेट, म्हणजे जनरेटरची सबब उरणार नाही. उंच दिवा नको. रात्रीचे भाडे ग्रामपंचायतीकडे जमा व्हावे आणि सकाळच्या मार्गदर्शकाची नोंदणी त्याच खिडकीवर व्हावी. थांबा माळापासून किमान एक किलोमीटर लांब असावा, आणि त्यासाठी गायरानातला गवताचा एक तुकडाही घेऊ नये.

कळावे,
आपला एक वाचक,
इंदापूर